रक्त दिसले, विचार दिसला नाही

मेल गिब्सन यांचा २००४ सालचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ हा चित्रपट आम्ही नुकताच पाहिला. येशूच्या आयुष्यातले शेवटचे काही तास यात आहेत. सैनिक आधी छड्यांनी मारतात, मग धातूचे काटे बसवलेले चाबूक काढतात. कातडी सोलून निघते आणि मोजणी सुरूच राहते. आम्ही नजर खाली घातली. थोड्या वेळाने दुःखही वाटेनासे झाले, फक्त बधिरपणा उरला.

हिंसा दाखवूच नये असे आमचे म्हणणे नाही. आपले साहित्यच जखमांमधून जन्मले आहे. पण बायबलमध्ये ही फटक्यांची शिक्षा जेमतेम एका वाक्यात येते. चित्रपटात ती संपता संपत नाही. उलट येशूची शिकवण अधूनमधून आठवणीसारखी चमकून जाते. हा माणूस सत्तेला का नकोसा झाला, हे ज्याला आधीपासून माहीत नाही त्याला चित्रपट पाहूनही कळणार नाही.

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजा म्हटले, ते तो दीनदुबळ्यांच्या बाजूने उभा राहिला म्हणून. त्याला किती फटके बसले म्हणून नव्हे!

दुसरी गोष्ट. शिक्षा रोमन सत्तेची, क्रूसही रोमन सत्तेचा. तरी चित्रपटातला रोमन सुभेदार पिलात विचारी, घालमेल होणारा माणूस आहे आणि दोषी दिसतात ते यहुदी पुरोहित व त्यांचा जमाव. पुरोहितशाही खलनायक झाली म्हणून आपल्यातल्या कुणाला टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. जरा थांबा. काही माणसांचा दोष जन्माच्या आधारावर सबंध समाजाच्या माथी मारणे, ही जातीचीच रीत आहे. याच आरोपापायी युरोपात यहुद्यांचा शेकडो वर्षे छळ झाला. सगळ्या यहुद्यांवर हा दोष लादता येणार नाही, हे कॅथलिक चर्चने जाहीरपणे सांगितले ते १९६५ मध्ये.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त टोचते. क्रूस ही मुख्यतः गुलाम आणि बंडखोरांची शिक्षा होती. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये सुमारे सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्यावर क्रूसावर चढवले. त्यांच्यासाठी कोण रडते? देवपुत्राची वेदना पवित्र आणि गुलामाची वेदना रस्त्याकडेची. २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना गाडीला बांधून मारले. मारणाऱ्यांनीच त्याचे चित्रण पसरवले. ते लाखोंनी पाहिले. किती जणांच्या डोळ्यांत पाणी आले?

म्हणून मित्रांनो, रक्त पाहून आलेले अश्रू म्हणजे न्यायाची जाणीव नव्हे. अश्रू चित्रपटगृहाच्या दारापर्यंतच टिकतात. २० मार्च १९२७ ला महाडमध्ये आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, डोकी फुटली. आपण दरवर्षी महाडला जातो ते त्या जखमा मोजायला नाही. पाण्यावरचा हक्क आणि बाबासाहेबांचा विचार आठवायला जातो.

जखम दाखवा, जरूर दाखवा. पण ती कुणी केली, का केली आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे, हेही सांगा. त्याशिवाय दाखवलेली जखम हा निव्वळ तमाशा आहे.

जय भीम!