खान कोण होणार?

दिवाळीच्या सुमारास आमच्या चिचगडला धानकापणीची धांदल असते आणि पोरासोरांना मंडईचे वेध लागतात. पुणे-साताऱ्यासारखी दारात मातीचा किल्ला बांधायची चाल आमच्या लहानपणी इकडे नव्हती. ती आमच्या आळीत आणली साताऱ्याकडून बदलून आलेल्या एका गुरुजींनी. बोडीची चिकणमाती, चार दगड, थोडे तणस, वरून पेरलेली मोहरी. झाला प्रतापगड!

किल्ला झाला की लढाई खेळायची. मावळे व्हायला सगळेच तयार. मग कोणीतरी विचारायचे, "खान कोण?" आणि सगळे आमच्याकडे बघायचे. पोरांच्या मनात पाप नव्हते. नाव मुसलमानी, म्हणून खान आम्हीच, एवढा सरळ हिशेब होता. दिवाळी आली की आम्ही मरायचो आणि कपडे झटकून घरी यायचो.

गंमत अशी की, प्रतापगड म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे आमच्याच जिल्ह्यातला, अर्जुनी-मोरगावकडचा प्रतापगड यायचा. तिथे महाशिवरात्रीला महादेवाची मोठी यात्रा भरते आणि त्याच डोंगरावर ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे. अब्बांच्या खांद्यावर बसून आम्ही ती गर्दी पाहिली होती. तिथे कुणी कुणाला मारल्याचे त्यांनी कधी सांगितले नव्हते. एकदा न राहवून आम्ही विचारले, "अब्बा, खान आपला कोण लागत होता?" सायकलचे पंक्चर काढता काढता अब्बा म्हणाले, "कोणी नाही. तो विजापूरचा, आपण चिचगडचे."

उत्तर चोख होते. पण ते आळीतल्या पोरांना कसे सांगावे, हे आम्हाला समजले नाही.

हे सगळे आठवायचे कारण, गेल्या दिवाळीत आमच्या भाच्याने आम्हाला नागपूरला बोलावले. त्याच्या वस्तीत किल्ल्यांचे प्रदर्शन होते. देवरीहून साकोली, भंडारा करीत एसटीने पोहोचलो, तर पठ्ठ्याने प्रदर्शनाच्या कोपऱ्यात वेगळेच दुकान मांडलेले. मोठ्या टेबलावर जावळीचे खोरे, कोयनेचा काठ, पार गाव, वर किल्ला. बोटाच्या पेराएवढे सैनिक. शेजारी फासे आणि मोजपट्टी.

हा परदेशातला छंद त्याने उचलला होता. अमेरिकेत अशा खेळाडूंचा 'हिस्टॉरिकॉन' नावाचा मोठा मेळावा भरतो. जुन्या लढाया टेबलावर मांडायच्या, सैनिक किती सरकणार ते पट्टीने मोजायचे आणि वार लागला की नाही ते फाशाने ठरवायचे. रायस्वित्स नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली प्रशियाच्या सैन्याला असा खेळ शिकवला. पुढे एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांसाठी नियमांचे पुस्तकच लिहिले. आपल्याला यात नवल वाटू नये. चतुरंग इथलेच. ते इराणमार्गे अरबांकडे गेले आणि तिथून जगभर पसरले. आजही आपण 'शह' म्हणतो तो फारसीतला शाहच.

पण बुद्धिबळात काळे-पांढरे असतात. इथे एका बाजूला राजे होते आणि दुसऱ्या बाजूला खान. खेळायला सहा-सात मुले जमली आणि जुनाच प्रश्न आला, "खान कोण?" खरे सांगतो, पन्नाशी उलटलेल्या आमच्या पोटात गोळा आला. आता भाच्याकडे बघतील, नाहीतर आमच्याकडे.

भाचा शांतपणे म्हणाला, "चिठ्ठी टाकायची. इथे असाच नियम आहे. ज्याला खान येईल, त्याने जिंकायचा प्रयत्न करायचा. मुद्दाम हरायचे नाही."

खान आला शेजारच्या जोशांच्या मुलाला. तो आधी फुरंगटला, मग इरेला पेटला. त्याच्याकडे घोडदळ होते, हत्ती, उंट, तोफा होत्या. पण झाडीत शिरले की पट्टीवर अंतर निम्मे धरायचे. तो वैतागून म्हणाला, "अरे, या दरीत घोडे चालतच नाहीत!" १० नोव्हेंबर १६५९ ची लढाई त्या एका वाक्यात त्याला समजली. सपाटीवरच्या फौजेला राजांनी जावळीच्या रानात का बोलावले, हे आम्हाला कोणत्याही गुरुजींनी इतके नीट सांगितले नव्हते. आपल्याच बाजूच्या चिठ्ठ्या वाचताना तो आणखी चक्रावला. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, फौजेत मंबाजी भोसले! "हे आपले लोक इकडे कसे?" त्याने विचारले.

"तुमची चिठ्ठी उघडा ना, मामू," भाचा म्हणाला. आम्ही उघडली. राजांची बाजू आली होती.

आम्हाला राजांचे दहा अंगरक्षक मांडायचे होते. जिवा महाला, येसाजी कंक, संभाजी कावजी अशी एकेक नावे भाचा सांगत होता आणि आम्ही शिपाई उभे करीत होतो. दहावे नाव आले, सिद्दी इब्राहीम. तो शिपाई आमच्या बोटांत काही क्षण तसाच राहिला. ही माहिती आम्हाला नवी नव्हती. नूर बेग पायदळाचा सरनोबत होता, दौलतखान आरमारात होता, हे आम्ही भाषणांतून कितीदा सांगितले आहे. पण सांगणे वेगळे आणि आपल्या हाताने त्याला त्याच्या जागी उभे करणे वेगळे.

डाव आम्ही जिंकलो. दुसऱ्या डावाला चिठ्ठ्या पुन्हा टाकल्या. या वेळी खान आमच्याकडे आला आणि पोटात गोळा आला नाही. चिठ्ठीने आलेला खान कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो. नावाने आलेला खान मात्र एकाच्याच मानगुटीवर बसतो. आम्हाला लहानपणी खान होण्याचे दुःख नव्हते, दुसरे काही होताच येत नाही, याचे होते.

परत येताना साकोलीला एसटी बराच वेळ थांबली. बाहेर बांध्यांमध्ये धानाच्या कडपा पडल्या होत्या. आमच्या आळीतली पोरे अजूनही बोडीची माती आणून किल्ला बांधतात. या दिवाळीला आम्ही त्यांच्यात जाऊन बसणार आहोत. किल्ला त्यांनीच बांधावा. आम्ही फक्त चिठ्ठ्या नेऊ.