कूलरसमोरचे 97.2

मे 2020. ई-पास काढून पुण्याहून नांदेडला निघालो होतो. लातूर जिल्ह्याच्या हद्दीवर, भर दुपारी, आशाताईंनी कपाळावर गन धरली. 100.8. पोटात गोळा आला. ताई शांतपणे म्हणाल्या, "सावलीत बसा थोडं." वीस मिनिटांनी 97.9.

तेव्हा मला ही गंमत वाटली होती.

एप्रिल 2021. नांदेडमध्ये घरूनच काम चालू होतं. आई म्हणाली, "ह्यांचं अंग तापलंय रे." बाबा कूलरसमोर बसले होते, कपाळावर घाम. गन धरली. 97.2. मी आईला स्क्रीन दाखवली आणि मीटिंगला परत गेलो.

रात्री बाबा कुडकुडायला लागले. साधा डिजिटल थर्मामीटर जिभेखाली ठेवला. 102.4.

पुढचे बारा दिवस हॉस्पिटल, ऑक्सिजन, फोन. बाबा घरी आले. तो एक दिवस वाया गेला नसता तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना कधीच विचारलं नाही.

नंतर वाचत बसलो. गन ताप मोजतच नाही. ती कपाळाच्या कातडीवरून निघणारे इन्फ्रारेड किरण मोजते आणि त्यावरून शरीराच्या तापमानाचा अंदाज काढते. तो अंदाज म्हणजे आत बसवलेलं गणित, माझ्यासारख्याच कुणा इंजिनीअरने लिहिलेलं. उन्हाने कातडी तापली की आकडा चढतो, घाम आणि कूलरच्या वाऱ्याने उतरतो. शिवाय अशा बऱ्याच गन 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेल्या असतात. आमचा मे महिना त्याच्या पुढे सुरू होतो.

डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. तो अंगाला चिकटून, बीप होईपर्यंत थांबतो, म्हणून जास्त भरवशाचा. पण त्याचेही नियम आहेत. नुकताच चहा प्यायला असाल तर अर्धा तास थांबा. काखेत लावला तर आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमी येतो.

गन खोटं बोलली नव्हती. गर्दीतून माणसं पटापट चाळायला ती ठीक आहे. मी तिला दुसराच प्रश्न विचारला होता, आणि दशांश चिन्ह दिसल्यावर तिच्यावर विश्वास ठेवला होता.

आता घरात दोन्ही आहेत. आई अजूनही आधी हात लावते, मग मला म्हणते, "ते जिभेखालचं आण." मी लॅपटॉप बंद करून उठतो.