उंबऱ्यावरचा आठवडा

भाईंदरहून मिरा रोड म्हणजे गाडीचे एकच स्टेशन. पण तेवढ्या अंतरावर राहणारी माझी भाची सणावारालाच काय ती भेटते. म्हणून गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी ती सकाळीच दारात उभी राहिली, तेव्हा काहीतरी काम असणार हे मी ओळखले.

"मावशी, तू शाळेतली. मला एक चांगली नर्सरी सांग."

तिची मुलगी नुकती तीन वर्षांची झाली होती. कादंबरीचा शेवट कसा करावा असे कोणी विचारले, तर मी तासभर बोलेन; त्यातले मला फारसे कळत नाही, म्हणूनच बोलता येते. पण या प्रश्नापुढे मी गप्प झाले. मी मॅट्रिक झालेली बाई. वीस वर्षे मुलांना अक्षरे शिकवते आहे. तरी चांगली नर्सरी कशी ओळखावी, हे मला चटकन सांगता येईना. शेवटी आम्ही तिघी बघायलाच निघालो.

पहिल्या ठिकाणी काचेचे दार होते, आत थंडगार हवा होती. भिंतीवर हत्ती, ससे, जिराफ, सगळे अरण्य अवतरले होते. नव्हता तो फक्त मुलांचा आवाज. एका बाईंनी आमच्या छोटीपुढे लाल पुठ्ठा धरला आणि इंग्रजीतून रंग विचारला. छोटीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "टोमॅटो." मला ते उत्तर अगदी योग्य वाटले. पण बाईंच्या कागदावर त्याला गुण नसावेत. नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा आणि मुलाखती घेऊ नयेत, असे यशपाल समितीने १९९३ सालीच सांगून ठेवले आहे. आमची भाची मात्र बाहेर आली ती घाम पुसत, जणू नापास तीच झाली होती.

दुसरे ठिकाण एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होते. दोन खोल्या आणि पुढे अंगण. नळ मुलांच्या हाताला येईल इतका खाली, कोपऱ्यात वाळूचा हौद. बाई चटईवर बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर एक मूल झोपले होते.

"पहिला आठवडा घरातले कोणीतरी इथे येऊन बसा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "ती सांगेल तेव्हा जा."

भाचीचा चेहरा उतरला. तिची नोकरी अंधेरीला; सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळणे हीच तिची रोजची लढाई. आठवडाभर रजा कुठून आणायची? चांगली शाळा मिळाली, तर तिला वेळ द्यायला आईकडे वेळ नाही, अशी ही गंमत. पण माझी शाळा दुपारची असते. मी म्हटले, "मी बसते."

तशी मी जून महिन्यात एका परक्या वर्गाच्या उंबऱ्यावर विद्यार्थिनी होऊन बसले.

मास्तरकीच्या सवयीने मी आधी मोजमापे घेतली. सरकारच्या २०१३ सालच्या बालशिक्षणविषयक धोरणात तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस असावे, तीस मुलांना पस्तीस चौरस मीटरची खोली आणि बाहेर निदान तीस चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. इथे सतरा मुले, एक बाई आणि एक मदतनीस. हिशेब जमत होता. पण काचेच्या दाराआडचा हिशेबही बहुधा जमला असता. मग फरक कुठे होता?

पहिल्या दिवशी छोटीने माझा पदर सोडला नाही. बाईंनी तिला ओढले नाही, गोळीचे आमिषही दाखवले नाही. कणकेचा एक गोळा तिच्या शेजारी ठेवला आणि त्या आपल्या कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी गोळा छोटीच्या हातात होता, पदर मुठीत. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, सगळी मुले पत्र्यावरचा आवाज ऐकायला अंगणाच्या कडेला जमली, आणि माझ्या पदराला प्रथमच वारा लागला. चौथ्या दिवशी ती एका तांब्यातले पाणी दुसऱ्या तांब्यात ओतत होती. निम्मे जमिनीवर सांडले. बाईंनी न बोलता एक फडके तिच्याजवळ ठेवले. छोटीने जमीन पुसली आणि पुन्हा ओतू लागली. सात वेळा! मी मोजले. एवढ्या वेळात मी तिला पाच सूचना केल्या असत्या.

वीस मुलांमागे एक माणूस हवे ते कशाला, हे मला तेव्हा कळले. चाळीस मुले असतील तर बाईंना थांबता येत नाही. मुलांना नुसते हाकावे लागते.

मधूनच गाडीचा आवाज येई. हेच रूळ पुढे वसईची खाडी ओलांडून उत्तरेला घोलवडला जातात, आणि तिथून बोर्डी जवळच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली तिथे गावातल्या गरीब मुलांसाठी बालवाडी काढली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेली, दादरला शिशुविहार उभारलेली ही विदुषी. पण वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा मुलांना बोल लावण्याऐवजी ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. ती अंगणवाडी. मोंटेसरीची महागडी साधने नव्हती, तर आसपासचे शिंपले, बिया आणि पाने कामी आली. पुढे १९५७ साली त्यांचे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणारी मुले शाळेत कशी येणार? म्हणून शाळाच कुरणात गेली. सरकारने १९७५ साली बालविकासाची योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर झाला. शब्द सगळीकडे पोचला. त्यामागचे ते चार पावले पुढे जाणे पोचले की नाही, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

आणि हे आठवताना मला माझाच एक विद्यार्थी आठवला.

नोकरीचे पहिलेच वर्ष होते. माझ्याकडे बालवर्ग दिलेला. त्या पोराची आई भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात जाई. पोरगा खडू डाव्या हातात धरी. मी तो काढून उजव्या हातात देई आणि त्याची बोटे माझ्या मुठीत आवळून 'ग' गिरवून घेई. त्याने रडून दाखवले असते तर कदाचित मी थांबले असते. तो रडला नाही. काही दिवसांनी यायचाच बंद झाला. बाजारात त्याची आई भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, पाटी दिसली की तो हात मागं लपवतो." मी म्हटले, "सवय होईल हळूहळू." तिने मान हलवली. पुढे ते बिऱ्हाड कुठे गेले ते कळले नाही. आज तो चांगला बाप्या झाला असेल. तो कोणत्या हाताने लिहितो, लिहितो की नाही, मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ती माझ्या मुठीतली त्याची ताठ बोटे.

मी त्याच्याकडे गेलेच नव्हते. त्याला माझ्याकडे ओढत होते.

पाचव्या दिवशी छोटी वाळूच्या हौदातून उठून माझ्याजवळ आली. मला वाटले, पदर धरायला आली. तिने दोन्ही वाळूचे हात माझ्या गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाली, "मावशीआजी, तू आता तुझ्या शाळेत जा."

मी चपला घातल्या. वळून पाहिले तर ती पाठमोरी होती. बाई माझ्याकडे बघून हसल्या. पण उठल्या नाहीत. आज त्यांच्या मांडीवर दुसरे मूल होते.

रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, खरं सांग. नर्सरी चांगली आहे ना?"

"चांगली असावी," मी म्हटले. "तुझ्या लेकीने आज मला घरी पाठवले."