हरिपूरचं पाणी

कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूर आणि कोथळी यांच्यामध्ये आता पूल झाला आहे. नावेसाठी काठावर ताटकळावं लागत नाही, ही सोय चांगलीच. आमचे आप्पा मात्र नावेला मुद्दाम उशीर व्हावा असं मानणाऱ्यांतले होते. तेवढ्यात त्यांचा गळ पाण्यात पडलेला असे.

मिरगाचं लाल पाणी आलं की ते काठी आढ्याला लावून ठेवत. मासा अंडी सोडायला वर चढतो, तेव्हा त्याला शिवायचं नाही. कोकणातल्या यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै सरकारी बंदी असते. आप्पांवर कुणाची नव्हती. दसऱ्यानंतर पाणी निवळू लागलं की काठी खाली यायची. एक नदी निवळलेली, दुसरी अजून गढूळ, असे थोडे दिवस संगमाखाली दोन रंग शेजारी वाहताना दिसत. आप्पा गळ टाकत तो नेमका त्या शिवेवर. मासा गढुळात दडतो आणि नितळात खातो, हे त्यांचं शास्त्र.

कार्तिकातली एक तिन्हीसांज अजून डोळ्यांपुढे आहे. काठी थोरल्या भावाच्या हातात. माझ्याकडे गांडुळांचा डालड्याचा डबा, ओल्या मातीनं अर्धा भरलेला. मोरपिसाची दांडी पाण्यावर आडवी झाली, उभी राहिली आणि सरळ खाली गेली. ‘‘घाई नको, गिळू दे,’’ आप्पा भावाच्या कानाशी म्हणाले. वर आली ती वाम, दोऱ्याला पीळ घालणारी, हाताला न गवसणारी. मी पुढं झालो. ‘‘तू डबा धर.’’ एवढंच. माणूस प्रेमळ होता, पण ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आता पाण्याचा रंग बघून काही ठरत नाही. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे बसतात, वरचं पाणी तुंबून हिरवट होतं. खाली खडक उघडे. पावसाळ्यात कोयनेतून किती विसर्ग सुटला ते मोबाईलवर कळतं. 2019 साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. तिथं 45 फुटांनाच धोका धरतात. आणि उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. प्रवाह नाही, त्यात सांडपाणी. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मार्च 2023 मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला. गळाला न लागलेले मोठमोठे मासे असे एकदम दिसावेत, याचा मला शोकापेक्षा संतापच अधिक आला.

पुलाखाली दोन पोरं रीळ लावलेल्या चकचकीत काठ्या घेऊन बसली होती. वाम लागते का, विचारलं.

‘‘वाम कुठली आता, काका? चिलापी घावती.’’

आप्पांची काठी भावाच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या माळ्यावर आहे. मागितली तर तो देईलही. मी मागत नाही.