हाताने उतरवलेला डोंगर

डावीकडे बर्फाच्छादित शंकू. त्याच्या मुखातून निघालेला काळपट धूर उजवीकडे वाहत जातो आणि क्षितिजालगतच्या सूर्यावर पसरतो. सूर्य झाकोळतो, पण विझत नाही. राखेतून गाळलेला त्याचा तांबूस उजेड खालच्या सरोवरात उतरतो. पुढे खोल दरी आहे आणि तिच्यात कोसळणारा धबधबा. फ्रेडरिक चर्च या अमेरिकन चित्रकाराने १८६२ साली रंगवलेलं ‘कोटोपाक्सी’ ते हे. मूळ चित्र सुमारे चार फूट उंच आणि सात फूट रुंद. ते डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे. माझ्या भिंतीवर आहे ती त्याची हाताने रंगवलेली प्रतिकृती. एका चित्रकार मैत्रिणीने ती केली, आणि ती होत असताना मला तिच्या शेजारी बसायला मिळालं.

तिने आधी छापील चित्रावर चौकोन आखले, मग तितकेच कॅनव्हासवर. एकेका चौकोनात डोंगराची धार, धुराचं वळण, सरोवराचा काठ उतरत गेला. तपकिरी रंगाचा पहिला थर वाळला, की जवसाच्या तेलात पातळ केलेला पुढचा थर. सूर्यापाशी ती बराच काळ अडली. पांढरा वाढवला की तो फिकट व्हायचा. शेवटी तिने सूर्याला हात लावायचंच सोडलं आणि भोवतालचं आकाश मंद करत नेलं. तसतसा सूर्य पेटत गेला. राखेचे सूक्ष्म कण निळा प्रकाश विखरून टाकतात, तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण उजेड हा अंधाराच्या मापाने ठरतो, हे मला त्या कुंचल्याने शिकवलं. चित्राकडे पाहून आपण पुढे निघून जातो. नक्कल करणाऱ्याला तशी मुभा नसते. ढगाच्या प्रत्येक कडेपाशी त्याला थांबावं लागतं आणि ही कड इथे अशी का, याचं उत्तर हाताने द्यावं लागतं.

आणि मूळ तरी एका दमात कुठे घडलं होतं? जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट १८०२ मध्ये इक्वादोरमधल्या या ज्वालामुखीपाशी पोचला. ५,८९७ मीटर उंचीचं शिखर त्याला गाठता आलं नाही, पण अँडीजमधल्या उत्तुंग शिखरांत सर्वांत सुडौल हेच, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच्या लेखनाने भारलेला चर्च १८५३ आणि १८५७ असा दोनदा इक्वादोरला गेला. क्विटोमध्ये हंबोल्ट ज्या घरात राहिला होता, त्याच घरात तोही राहिला. तिथे केलेली रेखाटनं घेऊन तो परतला आणि रंगवायला बसला तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत. १८५५ साली त्याने रंगवलेला कोटोपाक्सी शांत आहे. १८६२ चा आग ओकतो. मधल्या काळात त्याच्या देशात यादवी युद्ध पेटलं होतं; त्या रक्तवर्णी आकाशात अनेकांना ते युद्ध दिसतं. म्हणजे हा कुणा एका सकाळी दिसलेला देखावा नव्हे. एकाच डोंगराकडे हात पुन्हा पुन्हा वळला, त्यातून हे मूळ चित्र साकारलं. माझ्या मैत्रिणीचा हात त्याच ओळीत पुढे येऊन बसतो.

डोंगरसुद्धा आहे तसा राहत नाही. हे चित्र पुरं झाल्यावर पंधरा वर्षांनी, १८७७ साली, कोटोपाक्सीच्या उद्रेकाने माथ्यावरचं बर्फ वितळलं आणि चिखलाचे लोंढे खालच्या खोऱ्यांतून दूरवर धावले. डोंगर बदलतो, भिंतीवरचे रंग उडतात. म्हणून कुणीतरी बसून उतरवून घ्यावं लागतं.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. आपली भूमी तर ज्वालामुखीनेच घडवलेली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरांवर थर साचले, त्यांचा बेसॉल्ट झाला. त्याच खडकात अजिंठ्याची लेणी कोरली गेली. तिथली भित्तिचित्रं उतरवायला मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून कित्येक वर्षं झटले. त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी यांनी ते काम नव्याने हाती घेतलं. त्यांतल्याही बऱ्याच प्रतिकृती १८८५ च्या आगीने गिळल्या. उरल्या त्या आज साक्षीला उभ्या आहेत: लेण्यांच्या भिंतीवर जिथे आता गिलावा निखळला आहे, तिथे काय होतं ते त्या सांगतात. ज्यांना कुणी नुसत्या नकला म्हणेल, त्यांनी मुळाची आठवण राखली.

त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजींसारखी थोडीच नावं आपल्याला ठाऊक आहेत. अंधाऱ्या लेण्यांत मोसमामागून मोसम उभे राहिलेले बाकीचे हात बहुतेकांना अनोळखीच राहिले. हे मला सलतं. आजही हाताने रंगवलेली प्रतिकृती विकत घेताना आपण मूळ चित्रकाराचं नाव मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि जिने वा ज्याने ती रंगवली तिची वा त्याची चौकशीही करत नाही. ती करायला हवी. माझ्या चित्राच्या मागे, कॅनव्हासवर, मी मैत्रिणीला तिचं नाव आणि साल लिहायला लावलं. वर ‘फ्रेडरिक चर्च यांच्या चित्रावरून’ असंही. त्यात चर्चचा मान कणभरही उणावत नाही. ज्याच्याकडून शिकलो त्याचंही नाव राहतं, आणि शिकणाऱ्या हाताचंही.