केवढ्याला पडले?

आमच्या दिवाणखान्यात एक चित्र आहे. आलेला पाहुणा चहाचा पहिला घोट घेतो, भिंतीकडे पाहतो, 'छान आहे हो!' म्हणतो आणि दुसऱ्या घोटाबरोबर विचारतो, 'केवढ्याला पडले?' चित्रात काय आहे, हे कोणी विचारत नाही. पाहुण्यांना तरी का दोष द्यावा? छपाई आणि चौकट मिळून झालेला खर्च सांगून मीही मोकळा होत असे.

शेजारच्या खोलीत चिरंजीवांनी आपल्या पसंतीचे एक चित्र चिकटवले आहे. एका लहान मुलीच्या हातून बदामाच्या आकाराचा लाल फुगा सुटून चालला आहे. ते त्याला फुटपाथवर अगदी स्वस्तात मिळाले. बँक्सी या टोपणनावाने वावरणाऱ्या चित्रकाराने २००२ साली लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या पायऱ्यांशी भिंतीवर ते काढले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावे, पुढे जावे. तिकीट नाही, काही नाही. ते भिंतीवरचे चित्र आता तिथे नाही. पण २००४ साली त्याच्या छापील प्रती निघाल्या. दीडशे सहीच्या आणि सहाशे बिनसहीच्या. मुलगी तीच, फुगा तोच. पण सहीच्या प्रतीला बाजारात कितीतरी अधिक भाव! २०१८ च्या ऑक्टोबरात याच मुलीचे एक चित्र लंडनच्या लिलावात दहा लाखांवर पौंडांना गेले आणि हातोडा पडताक्षणी चौकटीत दडवलेल्या यंत्राने ते खालून फाडायला सुरुवात केली. अर्धे फाटले आणि यंत्र थांबले. आता चित्र कवडीमोल झाले असे तुम्हीआम्ही म्हटले असते. २०२१ साली तेच फाटके चित्र सुमारे एक कोटी शहाऐंशी लाख पौंडांना विकले गेले!

फुगा हातून निसटतो आहे की मुलीनेच तो सोडून दिला आहे, हे मात्र मला अजून उमगलेले नाही. चिरंजीव म्हणतात, 'बाबा, तुम्ही प्रत्येक चित्राचं रसग्रहण करत बसता.' असो.

दिवाणखान्यातल्या चित्राचे मूळ मात्र एडवणचे. सफाळ्याला गाडीतून उतरायचे, एसटी धरायची आणि खाऱ्या वाऱ्याचा वास आला की आशापुरी देवीचे गाव आले असे समजायचे. तिथे माझ्या काकांची वाडी आहे. वाडीच्या टोकाला राखणीला राहणाऱ्या वारली कुटुंबाची कुडाची झोपडी होती. २०१४ च्या उन्हाळ्यात त्या घरात लग्न निघाले. कुडाची भिंत शेणाने सारवून वर गेरूचा हात दिला गेला आणि चार बायका तांदळाचे पीठ कालवून बसल्या. बांबूची काडी चावून तिचे टोक मऊ करायचे, हाच कुंचला. संध्याकाळपर्यंत भिंतीवर लग्नचौक उभा राहिला. मधल्या चौकटीत पालघट देवी, भोवती नक्षी, घोडा, झाडे, फणी, शिडी, फेर धरून नाचणारी माणसे आणि वर दोन बाजूंना चंद्र-सूर्य. सवाशिणींनी हा चौक लिहिल्यावाचून आणि धवलेरीने गाणे म्हटल्यावाचून लग्न लागायचे नाही. मी दाराबाहेरून मोबाइलवर फोटो काढला. तो काढण्याआधी कोणाला विचारले होते का? नाही.

दिवाळीला गेलो तर चुलतभावाच्या डोक्यात निराळेच खूळ. लंडनमधल्या एका दुकानाच्या भिंतीतून बँक्सीचे चित्र कापून काढून २०१३ साली लिलावाला नेले होते, हे त्याने कुठेतरी वाचले होते. झोपडीची भिंतही तशीच अलगद काढावी, असा त्याचा बेत. तो सांगायला आम्ही गेलो तेव्हा घरातली म्हातारी शेणाची पाटी घेऊन त्याच भिंतीशी बसली होती. निम्मी देवी सारवणाखाली गेली होती.

'आजी, अहो, थांबा, थांबा!' चुलतभाऊ ओरडला.

तिने हात थांबवला नाही. 'लगीन झालं, दादा. देवी तिच्या घरी गेली. आता ही नुसती भिंत.'

चुलतभावाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी मात्र मनात हसलो; माझ्या मोबाइलमध्ये फोटो होता ना! मुंबईस येऊन तो मी मोठा करून कॅनव्हासवर छापून घेतला.

या म्हातारीला बाजाराचे वावडे आहे, असा कोणी समज करून घेऊ नये. तिचा नातू कागदावर चित्रे काढतो, केळव्याकडच्या हॉटेलांच्या भिंती रंगवतो आणि फुटावर दर सांगतो. ही वाट जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद घेऊन हिंडले, तेव्हा बायकांच्या या कलेत जिव्या सोमा मशे या पुरुषाचा हात विलक्षण निघाला. नुसत्या लग्नचौकावर न थांबता त्यांनी मासेमारीची जाळी, मुंग्यांची वारुळे, शेते असे सारे जग कागदावर आणले. १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, २०११ साली पद्मश्री मिळाली. लंडनचे ते चित्र फाटले त्याच वर्षी, २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या चित्राखाली त्यांचे नाव असे. भिंतीवरच्या चौकाखाली नाव घालण्याची रीतच नाही.

हे मला सुचले ते एका विद्यार्थिनीमुळे. ती डहाणूकडची. घरी आली, चित्रापुढे उभी राहिली आणि म्हणाली, 'सर, कोणी काढलंय?'

'वारली आहे,' मी म्हणालो.

'ते दिसतंच आहे, सर. पण कोणी?'

बावीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर आले नाही.

गेल्या मे महिन्यात चित्र भिंतीवरून उतरवले, जुन्या चादरीत गुंडाळले आणि एडवणला घेऊन गेलो. खिशात एका पाकिटात पाच हजार रुपये घातले होते. म्हातारी आता पत्र्याच्या घरात राहते. तिने काचेवरून बोट फिरवत सगळा चौक पाहिला. घोड्यापाशी हसली. मग वरच्या कडेशी बोट थांबले.

'चांद-सूर्य कुठं?'

मी पाहतच राहिलो. चौकटवाल्याने मापात बसावे म्हणून वरची पट्टी कापली होती आणि इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

'मग लगीन कोणी बघितलं?' ती म्हणाली.

मी गडबडीने पाकीट पुढे केले. तिने नोटा काढून मोजल्या. 'हे कशाचे?'

'चित्राचे.'

'देवीचे पैसे कसे घ्यायचे?' ती थोडा वेळ बोटांवर काही हिशेब करत राहिली. 'आम्ही चौघी बसलो होतो. दिवस मोडला होता. चौघींची एकेक दिवसाची मजुरी दे.'

आजच्या दराने तेवढे तिने मोजून घेतले. उरलेल्या नोटा पाकिटात घालून पाकीट माझ्या हाती दिले. चौघींतली एक मागल्या पावसात वारली होती. तिचा वाटा सुनेला देईन म्हणाली आणि तो पदराच्या वेगळ्या टोकाला बांधला.

मूळ फोटो अजून आहे. त्यात चंद्रही आहे आणि सूर्यही. चौकटवाल्याकडे नवी प्रत टाकली आहे. दिवाळीच्या आत देतो म्हणाला आहे.