एका दिवसातले तीन वर्ग

बर्लिनच्या विद्यापीठात पहिली पंचाईत झाली ती हजेरीपट नसल्याची. व्याख्यानाला कोण आलं, कोण दांडी मारून झोपलं, याची कुणाला फिकीर नाही. वेळापत्रकात दहाच्या पुढे ‘सी. टी.’ अशी अक्षरं असली, तर तास 10.15 ला सुरू व्हायचा. ही लॅटिनच्या जमान्यापासून चालत आलेली सवलत. मग प्राध्यापक दीड तास सलग बोलत. तास संपला की टाळ्या नाहीत. सगळा वर्ग बोटांची पेरं बाकांवर आपटी. पत्र्यावर गारांचा मारा व्हावा, तसा तो आवाज. सुरुवातीला मी इकडेतिकडे बघत हळूच टकटक करी. पुढे व्याख्यान आवडलं की चांगली ठणकावून.

व्याख्यानात मी अगदी पुण्याची राहिले. खाली मान, चालता हात, शब्दन् शब्द वहीत. दुपारी संख्याशास्त्राच्या सराव-वर्गात मात्र ती वही कामाला येईना. तिथे शिकवणारा आमच्याहून थोडाच मोठा विद्यार्थी. त्याला ‘सर’ म्हटलं, तर कोण आलं म्हणून तो मागे वळून पाही. फळ्यावर गणित बरोबर सुटलं, तरी त्याचं समाधान नसे. ‘हीच पायरी का?’ सूत्र आहे म्हणून, असं म्हणावं, तर ‘सूत्र कुठून आलं?’ उत्तर आल्यावरही सुटका नाही, हा अनुभव नवा होता.

संध्याकाळी सेमिनार. चौकोनात मांडलेली टेबलं, दहा-पंधरा माणसं, आणि आठवडाभर आधी वाचायला दिलेला लेख. सेमिनार घेणाऱ्या बाई स्वतः फार बोलत नसत. ‘लेखकाचं म्हणणं तुम्हांला कुठे पटत नाही?’ एवढं विचारून त्या गप्प बसत. माझी जीभ टाळ्याला चिकटे. छापील नावाच्या माणसाला खोडून काढायचं, तर आधी केस पांढरे व्हायला हवेत, हे आपल्याकडे कुणी न शिकवताच अंगात मुरतं.

आमचा हा सेमिनार डालेम भागातल्या एका जुन्या इमारतीत भरे. 1927 मध्ये तिथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली आणि लवकरच इरावती कर्वे तिथे डॉक्टरेटसाठी आल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्यात त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, असा वंशभेद आढळत नाही, हे लिहिलं आणि डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशविज्ञानासाठी राबली.

इरावतीबाईंच्या धाडसाचं कौतुक सगळेच करतात. त्या इमारतीत बसून मला जास्त जाणवलं ते त्यांचं मोजणं. नुसतं ‘मला पटत नाही’ म्हणून भागलं नसतं. विरोधामागे आकड्यांची चळत होती. आमच्या सेमिनारमध्येही लेख न वाचता तावातावाने बोलणारे असत. ‘कुठल्या पानावर?’ एवढं आमच्या बाईंनी विचारलं की ते विरघळत. आणि पान सांगणं तर मला जमण्यासारखं होतं! लहानपणापासून घोकून घोकून कमावलेली स्मरणशक्ती तिथे उपयोगी पडली. आधी पान सांगायचं, मग शंका. सकाळची लिहून घेणारी, दुपारची ‘का’ विचारणारी आणि संध्याकाळची बोलणारी, अशा तिघींची अखेर गट्टी जमली.

परीक्षेनंतर तिथे तपासलेली उत्तरपत्रिका समोर बसून पाहता येते. मला 1.7 मिळाले होते. आईने फोनवर धास्तावून ‘कितीपैकी?’ विचारलं, तेव्हा 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 5 म्हणजे नापास, हे समजावताना पुरेवाट झाली. पण एका उत्तरावर कापलेले गुण मला मान्य नव्हते. मी उत्तरपत्रिका उघडली, परिच्छेद दाखवला, माझी बाजू मांडली. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं, आपली बाजू सांगितली आणि गुण काही वाढवले नाहीत. त्यांचं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही. पण ते काय होतं, हे मुद्देसूद सांगू शकते.